कार्ड गिऱ्हाइकासाठी छापावे

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. व्हिजिटिंग कार्डाला हा नियम नाही, तो असावा असा माझा आग्रहही नाही. पण मराठीची खरी निकड पाटीपेक्षा कार्डावर आहे. पाटी वाचणारा माणूस दुकानासमोरच उभा असतो, आतला माल त्याला दिसतो. परभणीच्या मोटर रिवायंडिंगवाल्याचे कार्ड मात्र जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात, ऐन रब्बीत पाण्याची मोटर जळाली की फळीवरून शोधून काढले जाते. ते शोधणारी कधी घरातली बाई असते, कधी म्हातारे वडील. काम कोणते, दुकान कुठे आणि नंबर काय, हे त्यांना एका नजरेत वाचता आले नाही, तर छपाईचे पैसे वाया गेले म्हणायचे.

इंग्रजी कार्ड भारदस्त दिसते आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्याला तेच लागते, असे दुकानदार म्हणतात. दुसरा मुद्दा खरा आहे. त्यासाठी कार्डाला मागची बाजू आहे. भारदस्तपणाचे म्हणाल, तर १९४८पर्यंत परभणीत निजामाचे राज्य होते आणि सरकारदरबारी उर्दूचा रुबाब होता. रुबाबाची भाषा राज्याबरोबर बदलते. आजही उर्दू वाचणारे गिऱ्हाईक ज्याच्याकडे येते, त्याने मागे उर्दू जरूर छापावे. भाषा गिऱ्हाइकाने ठरवावी, एवढेच म्हणणे आहे.

मराठी कार्ड गिचमिड दिसते, ही तक्रार मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. दोष लिपीचा नाही, मांडणीचा आहे. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्यांना आणि खाली उकारांना जागा लागते. नऊ बाय साडेपाच सेंटिमीटरच्या कार्डावर इंग्रजीसाठी आखलेल्या ओळींत मराठी कोंबली की ती गुदमरणारच. त्यात गडद रंगावर बारीक पांढरी अक्षरे घेतली, तर छपाईत एखादा रंग केसभर सरकला तरी जोडाक्षरे बुजतात. स्वस्त मल्टिकलर छपाईत एका मोठ्या शीटवर अनेकांची कार्डे एकत्र निघतात, तुमच्या एकट्याच्या कार्डासाठी रंग कोणी जुळवत बसत नाही. म्हणून पांढऱ्यावर ठसठशीत काळे अक्षर घ्यावे, आणि देवदेवतांची रांग व वीस कामांची यादी काढून टाकावी. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा भलताच गोंधळ होतो, तेव्हा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकृतींत, बदलूनच पाठवावा आणि प्रूफ स्वतः वाचावे.

मोबाइल असताना कार्ड कशाला, असेही विचारतात. नंबर मोबाइलमध्ये राहतो, पण तो एकाच्याच. कार्ड घरात सगळ्यांच्या हाताशी असते. शिवाय मागच्या बाजूला लॅमिनेशन टाळून थोडी जागा कोरी सोडली, तर मोटर कधी मिळणार आणि किती पैसे द्यायचे, हे तिथेच पेनाने लिहून देता येते.