किल्ली स्त्रियांच्या हातीं द्या

समुद्रपूर तालुक्यांतील गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्यास हिंदु व मुसलमान स्त्रिया सारख्याच श्रद्धेनें जातात. नवस बोलावयास त्यांस कोणी अडवीत नाहीं. परंतु टेकडी उतरून गांवांत आल्यावर याच स्त्रियांनीं चार घटका एकत्र बसून मुलींच्या शिक्षणाचा विचार करावयाचें म्हटलें, तर त्यांनीं बसावें कोठें? पुरुषांस मशीद आहे, चावडी आहे, चहाचें दुकान आहे. विशेषतः मुसलमान स्त्रीस घराच्या ओसरीपलीकडे हक्काची जागा कोणती?

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे, हें ठाणें जिल्ह्यांतील मुंब्र्याच्या उदाहरणावरून दिसतें. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईंतील अनेक मुसलमान कुटुंबें तेथें येऊन राहिलीं. २०१२ सालीं 'परचम' या स्त्रियांच्या गटानें तेथील मुलींस फुटबॉल खेळावयास बाहेर काढलें. सर्व अडलें तें मैदानापाशीं. कारण मैदान मुलग्यांच्या ताब्यांत! तेव्हां मुलींनीं सह्या गोळा करून आपल्यासाठीं मैदान मागितलें. हिंदु व मुसलमान मुली एकत्र खेळूं लागल्या. या गटाच्या वाचनालयास फातिमाबी व सावित्रीबाई फुले या दोघींचीं नांवें आहेत. सावित्रीबाईंनीं १८५६ सालीं जोतीरावांस लिहिलेल्या पत्रांत फातिमेचा उल्लेख आहे. ती जुनी सोबत मुंब्र्यानें विसरूं दिली नाहीं.

'आमच्या स्त्रियांस असल्या गोष्टींची गरज नाहीं,' असें कांहीं वडीलधारे म्हणतील. गरज नाहीं हें त्या स्त्रियांनीं स्वतः सांगितलें काय? 'हा मुसलमानांचा घरचा प्रश्न,' असें म्हणून बाजूस होणाऱ्या हिंदु बंधूंस आम्ही स्मरण देतों कीं, १९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनें साऱ्या देशाच्या मुलांसाठीं योजना आंखण्याचें काम ज्या समितीकडे सोंपविलें, तिचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. शिक्षणाचा प्रश्न तेव्हां कोणा एका धर्माचा मानला गेला नाहीं. मग त्याच जिल्ह्यानें तो आज कां मानावा?

आमची सूचना अगदीं साधी आहे. समुद्रपूरच्या नगरपंचायतीनें आपल्या ताब्यांतील एक खोली आठवड्यांतून दोन दुपारीं स्त्रियांसाठीं उघडी ठेवावी. तेथें पुस्तकांचें एक कपाट आणि मराठी व उर्दू वर्तमानपत्रें असावींत. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावयाचा, बचत गटाचा हिशेब कसा ठेवावयाचा, शाळा सोडलेल्या मुलीस पुन्हां शाळेंत कसें धाडावयाचें, हें त्यांचें त्या पाहतील. मशिदीच्या विश्वस्तांनीं या कामास उघडपणें पाठिंबा द्यावा. अध्यक्षपद भूषविण्यास मात्र कोणा पुरुषानें धांवून जाऊं नये.

खोली लहान असली तरी चालेल. तिची किल्ली मात्र स्त्रियांच्याच हातीं असली पाहिजे. दर वेळीं किल्ली मागावयास जावें लागलें, तर चार आठवड्यांत त्या येणें सोडतील, आणि मग त्यांसच उत्साह नव्हता असें म्हणावयास आपण मोकळे होऊं!