तेल फक्त टँकरमधूनच सांडत नाही!

समुद्रात तेल सांडलं की सगळे आधी कॅप्टनला धरतात. चूक त्याची असेलही. पण माणूस चुकणारच, हे धरूनच जहाज बांधलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

१९८९ साली अलास्कात 'एक्झॉन वाल्डेझ' खडकावर चढलं. एकेरी भिंतीचा टँकर. सुमारे ३७ हजार टन कच्चं तेल समुद्रात. १९९० मध्ये अमेरिकेने कायदा केला, मग जगानेही नियम आणला: नवा टँकर डबल हलचाच हवा. म्हणजे दोन भिंती, आणि मोठ्या टँकरला बाजूने मध्ये दोन मीटर पोकळी. तिथे तेल भरायचं नाही. बाहेरची भिंत फाटली तरी तेल आतच राहतं. जबर धडकेत दोन्ही फाटतात, हे खरं. पण तळ खडकाला घासला तर निभावतं.

मग प्रश्न मिटला? नाही! ही सक्ती टँकरमधल्या मालासाठी. बाकी जहाजांच्या स्वतःच्या इंधनाचं काय? ट्रकमध्ये मोसंबी असली तरी डिझेलची टाकी बाजूला लटकलेली असतेच ना, तसंच हे.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' यांची धडक झाली. चित्रा कंटेनरचं जहाज. तरी सुमारे ८०० टन तेल सांडलं, खारफुटीत शिरलं, कोळ्यांच्या मासळीला गिऱ्हाईक मिळेना.

इंधनाच्या टाक्यांना संरक्षण देणारा नियमही आला. पण तो १ ऑगस्ट २०१० पासून मालकाच्या ताब्यात आलेल्या, मोठ्या टाक्यांच्या जहाजांना. चित्रा १९८० सालची. जुन्यांना सूट! २५ मे २०२५ ला केरळच्या किनाऱ्याजवळ बुडालेलं 'एमएससी एल्सा ३' सुद्धा १९९७ चं. पोटात ३६७ टन फर्नेस ऑइल.

"जालन्याला समुद्राचं काय?" असं विचारणाऱ्यांनो, आपल्याकडचा ड्रायपोर्ट जेएनपीएचाच आहे. आपला माल अशाच जहाजांवर चढतो.

एकेरी भिंतीचे टँकर जगाने मुदत ठरवून बाद केले. उघड्या इंधनटाक्यांच्या जुन्या जहाजांनाही आपल्या बंदरांत तशीच मुदत द्या. भाडं वाढेल म्हणता? वाढू द्या. आज ते स्वस्त वाटतं, कारण उरलेले पैसे कोळी भरतोय.