चोरीला गेलेलं कॉमिक दीड कोटी डॉलरला कसं विकलं गेलं? जुन्या कॉमिक्सची किंमत नेमकी ठरते कशी?

जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेत एक जुनं कॉमिक तब्बल १ कोटी ५० लाख डॉलरला विकलं गेलं. रुपयांत सांगायचं तर सव्वाशे कोटींहून जास्त. १९३८ साली ते बाजारात आलं तेव्हा किंमत होती १० सेंट. नाव ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’, अंक पहिला. सुपरमॅन लोकांसमोर पहिल्यांदा आला तो याच अंकातून.

अशी बातमी आली की अनेकांना आपला माळा आठवतो. तिथल्या जुन्या अंकांनाही किंमत असेल का? पण नुसतं जुनं असून भागत नाही. खरेदीदार दोन गोष्टी बघतो: अंकाची अवस्था काय आहे आणि तो कुणाच्या हातांतून इथवर आला.

याच प्रतीला एवढा भाव का?

या अंकाच्या आज जगात अंदाजे १०० प्रती उरल्या आहेत. त्यातली ही प्रत एकेकाळी हॉलिवूड अभिनेता निकोलस केजची होती. १९९० च्या दशकात त्याने ती सुमारे दीड लाख डॉलरला घेतली. २००० साली ती घरातून चोरीला गेली. २०११ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातल्या एका भाड्याच्या स्टोरेज खोलीत सापडली आणि त्याच वर्षी २१ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली. आता सुमारे १४ वर्षांत तिचा भाव जवळपास सातपट झाला.

तुलनेसाठी, याच अंकाची दुसरी एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. तिचा ग्रेड होता ८.५, केजच्या प्रतीचा ९. फरक अर्ध्या गुणाचा, पण चोरीची गाजलेली गोष्ट फक्त एकीकडेच आहे.

हा ग्रेड देतं कोण?

अमेरिकेत २००० साली सुरू झालेली सीजीसी ही यातली सर्वांत मोठी कंपनी. कॉमिक तपासायचं, ०.५ ते १० यांमध्ये गुण द्यायचे आणि लेबल लावून पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करायचं, असं हे काम. या पेटीला बाजारात ‘स्लॅब’ म्हणतात.

तपासणारा आधी कणा बघतो. अंक उघडताना कण्यावर बारीक रेघा पडतात आणि तिथला रंग उडतो. मग पिना गंजल्या आहेत का, कोपरे बोथट झालेत का, कव्हर वाकडं कापलंय का, हे पाहिलं जातं. कागदाचा रंगही महत्त्वाचा. जुनी कॉमिक्स स्वस्त, आम्लयुक्त कागदावर छापलेली असत. तो कागद पांढऱ्याचा पिवळसर, मग तपकिरी होतो आणि शेवटी बोट लागलं तरी तुटतो.

पानं मोजणंही गरजेचं. १९७४ च्या ‘इन्क्रेडिबल हल्क’ अंक १८१ मध्ये वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्ण रूपात दिसला. त्या अंकात कापून चिकटवायचं एक चित्र-तिकीट होतं आणि अनेक मुलांनी ते हौसेने कापलं. कव्हर कितीही कोरं असलं तरी आतलं तिकीट नसेल तर भाव धाडकन खाली येतो.

दुरुस्ती केली तर?

इथेच बरेच जण फसतात. उडालेल्या रंगावर पेन फिरवणं, फाटलेला भाग चिकटवणं, खराब कडा कापून सरळ करणं यांमुळे अंक सुंदर दिसतो, पण किंमत घटते. अशा अंकाला सीजीसी वेगळं, जांभळं लेबल लावते. रंग भरलेला असेल तर भिंगाखाली किंवा अतिनील दिव्यात दिसतो. कडा कापली असेल तर मोजपट्टी सांगते.

मोजपट्टी आणखी एका ठिकाणी कामाला येते. १९७४ मध्ये डीसीने ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाचं मोठ्या आकारातलं पुनर्मुद्रण काढलं. त्याला वेगळं बाहेरचं कव्हर होतं. ते काढून टाकलं की आत मूळ अंकासारखंच कव्हर दिसतं. ‘आजोबांच्या पेटीत सापडलं’ म्हणून ते कुणी विकायला आणलं तर आधी आकार बघावा. मूळ अंकापेक्षा ते बरंच मोठं आहे.

अंकाचा प्रवास कळतो कसा?

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोलोरॅडोच्या एडगर चर्च यांचं. त्यांनी जमवलेली हजारो कॉमिक्स १९७७ मध्ये चक रोझान्स्की या विक्रेत्याने घेतली. कोरड्या, थंड हवेत ती इतकी चांगली टिकली होती की ‘माइल हाय’ संग्रहातली प्रत म्हटलं की आजही जादा भाव मिळतो. कव्हरवरच्या पेन्सिलीच्या खुणांवरून त्यातले अंक ओळखता येतात.

प्रत्येक जुन्या प्रतीवरचे डाग, शिक्के, चिरा वेगळ्या असतात. त्यामुळे जुना फोटो उपलब्ध असेल तर चोरीची प्रतही ओळखता येते.

मग स्लॅब घेतला की काळजी मिटली?

नाही. २०२३ च्या अखेरीस एक घोटाळा समोर आला. चांगल्या ग्रेडचा खरा स्लॅब उघडून आतला अंक काढायचा, त्या जागी हलकी प्रत घालायची आणि ‘पेटी खराब झाली’ म्हणून कंपनीकडून नवी पेटी मागायची. लेबल जुनंच, आतला माल दुसराच. संग्राहकांनी जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवून फरक दाखवला. नंतर कंपनीने शेकडो संशयित प्रमाणपत्र क्रमांक जाहीर केले. ज्या पेटीवर विश्वास ठेवून लोक न बघता पैसे मोजत होते, तीच शंकेच्या घेऱ्यात आली.

माळ्यावरच्या इंद्रजालचं काय?

वेताळ आणि मँड्रेकच्या इंद्रजाल कॉमिक्सची सुरुवात १९६४ ची. हे अंक मराठीतही निघायचे. त्यांचे व्यवहार आज बहुतेक ओळखीवर आणि मोबाईलवरच्या फोटोंवर होतात. म्हणून विकत घेताना दोन्ही कव्हरं, पिना आणि मधलं पान यांचे स्पष्ट फोटो मागावेत, पानं मोजून घ्यावीत. अनेकांनी दहा-बारा अंक एकत्र बांधून घेतले. बाइंडिंग करताना कडा कापल्या जातात, हेही तपासावं.

घरात जुने अंक असतील तर चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, पुसूही नये. कोरड्या जागी, उजेडापासून लांब ठेवावेत. आणि अंक कुणी, कधी, कुठून घेतला ते घरातल्या मोठ्यांना विचारून आत्ताच लिहून ठेवावं. ती माहिती नंतर विकत मिळत नाही.