बाटलीच्या आधी भिंग घ्या



सध्या दोन गोष्टी सारख्या कानावर येतात. एक, "दादा, किडीचे फोटो काढायला स्वस्तातली मॅक्रो लेन्स कोणती घेऊ?" दुसरी, "शेतकऱ्याला कशाला पाहिजेत हे शौक?" आज दोघांनाही उत्तर देतो.

आधी शौक म्हणणाऱ्यांना. मिरचीवर चुरडा-मुरडा आला. पानं वर वळली तर बहुतेक फुलकिडे, खाली वळली तर कोळी. पण दोन्ही एकाच झाडावर असले की पान बघून काय कळणार? फुलकिडा एक-दीड मिलिमीटरचा, सहा पायांचा. कोळी अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर, आठ पायांचा, तो कीटकच नव्हे. म्हणून इमिडाक्लोप्रिडने कोळी मरत नाही. उलट चुकीच्या फवारणीने त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी फोफावतो. आणि आपण करतो काय? लांबून धुरकट फोटो काढतो, कृषी केंद्रात दाखवतो, तिथून अंदाजाने तीन बाटल्या पिशवीत पडतात. ढालकिड्याची काळी-नारिंगी अळी मावा खाते. तिलाच कीड समजून मारणारे किती आहेत! हा शौक नाही भाऊ, खर्चाचा हिशोब आहे.

आता लेन्स. पन्नास हजाराचा कॅमेरा आणि त्यावर तेवढीच महाग मॅक्रो लेन्स, हे सांगणाऱ्यांचं ऐकू नका. त्यांना फुलपाखराचा फोटो भिंतीवर लावायचाय, आपल्याला किडीचे पाय मोजायचेत. घरात मुलाचा जुना कॅमेरा असेल तर त्याची १८-५५ ची लेन्स उलटी बसवायची रिंग स्वस्तात मिळते, तेवढ्यावर काम होतं.

कॅमेरा नसेल तर दहापटीचं भिंग घ्या, सोनार डोळ्याला लावतो तसलं. काचेचं घ्या, प्लास्टिकचं नको. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यावर घट्ट टेकवायचं आणि पानापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर धरायचं. हात मोकळा पाहिजे असेल तर क्लिपची लेन्स घ्या, पण आधी आपल्या फोनवर लावून बघा. मागे तीन-चार कॅमेरे असतात, क्लिप मुख्य कॅमेऱ्यावरच बसली पाहिजे. फोन आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारत असेल तर ऑटो मॅक्रो बंद करा.

"२०० एक्स" लिहिलेल्या डबीला भुलू नका. एवढं मोठं करायचं तर लेन्स पानाला जवळजवळ चिकटते, उजेड अडतो आणि श्वास घेतला तरी चित्र हलतं. स्वस्त फोनवर "मॅक्रो कॅमेरा" म्हणून २ मेगापिक्सलचा डोळा देतात, त्याच्यापेक्षा मुख्य कॅमेरा आणि भिंग कधीही बरं.

भिंगाची मर्यादाही सांगतो. मिरचीवरचा पांढरट कोळी पाव मिलिमीटरपेक्षा लहान असतो, तो दहापटीत ठिपक्यासारखाच दिसतो. तिथे पानाचं वळण बघा आणि पान घेऊन जाणकाराकडे जा.

फोटो सकाळी काढा, तेव्हा वारा कमी असतो. फूल किंवा शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, फुलकिडे खाली पडतात. कोळ्यासाठी पान उलटं करा. कोपर गुडघ्यावर टेकवा, फोन हळूच पुढे-मागे करत आठ-दहा फोटो काढा. त्यातला एक तरी स्पष्ट येतो.

काही जण म्हणतील, भिंगाला पैसे कुठून आणू? अहो, एका नको असलेल्या बाटलीत भिंग येतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. बाटली एका दिवसात संपते.

दुकानात जाल तेव्हा फोटो पुढे ठेवा आणि दोनच प्रश्न विचारा. यात कीड कोणती? आणि या बाटलीच्या लेबलवर तिचं नाव कुठे आहे? उत्तर मिळाल्याशिवाय पैसे काढू नका.