वास्तूचे गोत्र विचारणाऱ्यांस

इतामी जून या कोरियन वास्तुकाराविषयी जे काही लिहिले-बोलले जाते त्यात दयेचा सूर हटकून ऐकू येतो. बिचारा जपानमध्ये कोरियन ठरला आणि कोरियात जपानी. म्हणूनच त्याच्या वास्तूंना एकटेपणाची कळा आली, असे म्हणतात. हा सूर आम्हांला मुळातच अमान्य आहे. दोन भूमींशी नाते असणे ही उणीव आहे असे गृहीत धरल्याशिवाय अशी दया करताच येत नाही. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येक घराने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. तेव्हा या दयेची चव आपल्याला ठाऊक असावी.

त्यांचे खरे नाव यू दोंग-र्योंग. जन्म १९३७ साली टोकियोत, बालपण शिमिझू या समुद्रकाठच्या गावी. ‘यू’ या आडनावाचे अक्षर जपानी छापखान्यांच्या खिळ्यांत नव्हते, म्हणून व्यवसायासाठी दुसरे नाव घेणे आले. त्यांनी ‘इतामी’ हे ओसाकाच्या विमानतळाचे नाव उचलले, कारण कोरियाला जाण्याची त्यांची वाट तेथून होती. ‘जून’ हे संगीतकार मित्र किल ओक-युन यांच्या नावावरून घेतले. दयाळू मंडळींना यात विस्थापिताचे दुःख दिसते. आम्हांला मात्र मिस्कीलपणा दिसतो. जपानी नागरिकत्व त्यांनी २०११ साली निधन होईतो घेतले नाही. जपानमधील कोरियनांचे नागरिकत्व १९५२ साली एका फटक्यात गेले होते, आणि १९५५ पासून १९९३ पर्यंत तेथेच जन्मलेल्या कोरियनांनाही परकीयांच्या नोंदवहीत बोटांचे ठसे द्यावे लागत. नोंदवहीत माणसासाठी एकच रकाना असतो, हे सरकारी नोकरीत उमर घालवल्यामुळे आम्ही जाणतो. कारकुनाचा तो नाइलाज असतो. समीक्षकांनीही तोच रकाना वापरावा, हे अक्षम्य आहे.

कोरियाही यात मागे नव्हता. १९६७ साली किम सू-गन यांचे बुयो येथील संग्रहालय जपानी देवळासारखे दिसते म्हणून गदारोळ उठला. किम टोकियोत शिकलेले. मग आणखी पुरावा कशाला हवा! गंमत अशी की, त्याच किम यांच्या नावाचा पुरस्कार २००६ साली इतामींना मिळाला आणि २०१० साली जपानने त्यांना मुरानो तोगो पुरस्कार दिला. तपासणी करणारे कुठे गेले, ते कोणी विचारत नाही.

इतामींचे उत्तर त्यांच्या बांधकामात आहे. १९८२ साली कोरियातील ओन्यांग येथे कलादालन उभारताना त्यांनी त्याच परिसरातील मातीच्या विटा पाडून घेतल्या. माती कोणत्या राष्ट्राची हा प्रश्न त्यांना पडला नाही. ती कोणत्या जागेची एवढेच त्यांनी पाहिले. हेच सूत्र पुढे जेजू या ज्वालामुखीच्या बेटावर फळले. तेथील पोदो हॉटेलाची (२००१) बुटकी, गोलसर छपरे आसपासच्या टेकड्यांशी उंचीची स्पर्धा करीत नाहीत. २००६ सालची पाणी, वारा आणि दगड यांची तीन संग्रहालये तर नुसती पाहण्यासारखी नाहीत, थांबण्यासारखी आहेत. आत मांडलेली वस्तू जवळजवळ नाहीच. पाण्याच्या दालनाचे छत मध्ये उघडे, खाली उथळ पाणी, आणि त्यात दिवसभर बदलणारे आकाश. वाऱ्याच्या दालनाच्या भिंती लाकडी फळ्यांच्या; एक भिंत किंचित धनुष्यासारखी वाकलेली, आणि फटींतून शिरणारा वारा कानांनी पाहायचा. दगडाचे दालन गंजत जाणाऱ्या पोलादाची पेटीच. तिच्या छिद्रातून आलेला उजेड तासातासाने सरकतो. यांतील जपानी किती आणि कोरियन किती, हे मोजण्याचे माप ज्यांच्यापाशी असेल त्यांनी ते जरूर दाखवावे.

टीकाच करायची तर जागा आहे. ही तिन्ही दालने धनिकांच्या निवासी वसाहतीत आहेत. पाणी-वाऱ्याला कुंपण नसते, त्यांच्या संग्रहालयाला मात्र आहे. पण हा आक्षेप घ्यायला वास्तू पाहावी लागते, गोत्राच्या चौकशीला तेवढेही कष्ट पडत नाहीत.

२०२२ साली त्यांच्या वास्तुकार कन्या यू ई-ह्वा यांनी जेजूवर वडिलांचे संग्रहालय उघडले. त्याच्या नावात कोरियन लिपीत यू दोंग-र्योंग आहे आणि रोमन लिपीत इतामी जून.