हार नको, अर्ज द्या

निवडणूक आली की आमच्या मंगरूळपीरला पुढाऱ्यांचे पाय लागतात. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर चादर चढते, फोटो निघतो आणि आपण खूश!

पंधरा वर्षे सत्तेत राहिलेल्यांना मुस्लिमांचे पाच टक्के आरक्षण आठवले ते जुलै २०१४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, तेही वटहुकुमाने. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले आरक्षण थांबवले, सरकारी शिक्षणसंस्थांतले थांबवले नाही. तरीही नव्या सरकारने त्याचा कायदा केला नाही. दोघांपैकी कोणाला आपण जाब विचारला?

मी उर्दू शाळेत शिकवतो. हुशार मुलगी दहावीनंतर घरी बसते आणि बाप नशिबाला बोल लावतो. नशीब कशाला? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांत विचारता येते : आमच्या शाळेत शिक्षकांच्या जागा किती रिकाम्या? तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

उर्दू आपली मायबोली, ती जपूच. पण कचेरीची भाषा मराठी आहे. हक्क मागण्यापुरती तरी ती लिहिता आलीच पाहिजे. पुढच्या वेळी चादरवाल्याला हार घालू नका. हातात अर्ज द्या आणि पोच घ्या.