क्षमापत्रे पुरेत, प्रायश्चित्त हवे

पापनिवेदन संस्काराची तीन अंगे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणीच शिकतो : मनाचा पश्चात्ताप, मुखाची कबुली आणि कृतीचे प्रायश्चित्त. पहिली दोन घडली आणि तिसरे राहून गेले, तर पापाने केलेली जखम उघडीच राहते. चोराने चोरी कबूल केली आणि चोरलेली गाय मात्र आपल्याच गोठ्यात बांधून ठेवली, तर त्या कबुलीला कोण खरी म्हणेल? हा नियम जसा व्यक्तीला, तसाच राष्ट्रांना आणि ख्रिस्तसभेलाही लागू आहे. मेक्सिकोत गेली काही वर्षे क्षमेचा जो वाद गाजतो आहे, तो याच कसोटीवर तपासून पाहावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

वादाची हकिगत अशी. मार्च २०१९ मध्ये मेक्सिकोचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी स्पेनचे राजे सहावे फेलिपे आणि पोप फ्रान्सिस या दोघांना पत्रे धाडली. स्पॅनिश विजेत्यांनी मूळ रहिवाशांवर जे अत्याचार केले त्यांबद्दल क्षमा मागावी, अशी त्यांत मागणी होती. स्पेनने ती धुडकावून लावली. त्या रागापोटी १ ऑक्टोबर २०२४ रोजी क्लाउदिया शेनबाउम यांच्या शपथविधीला राजांना निमंत्रणच गेले नाही. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस स्पेनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी मूळ रहिवाशांच्या वाट्याला दुःख आणि अन्याय आला एवढे मान्य केले. पोप फ्रान्सिस यांनी मात्र अशा पत्राची वाट पाहिली नव्हती. २०१५ साली बोलिव्हियात त्यांनी अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांची क्षमा मागितली होती. १५ फेब्रुवारी २०१६ रोजी चियापास प्रांतातील सान क्रिस्तोबाल दे लास कासास येथे तेथील आदिवासींसमोर त्यांनी क्षमेचा उच्चार केला. सप्टेंबर २०२१ मध्ये मेक्सिकोच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रातही गतकाळातील चुकांची कबुली त्यांनी टाळली नाही.

म्हणजे ख्रिस्तसभेकडून कबुली झाली. पण कोणत्या पापाची? येथे मोघम बोलून चालणार नाही. १२ जुलै १५६२ रोजी युकातान प्रांतातील मानी या गावी दिएगो दे लांडा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने माया लोकांच्या मूर्ती आणि त्यांच्या चित्रलिपीतील पोथ्या यांची होळी केली. त्यामुळे त्या लोकांना अतोनात दुःख झाले, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आज साऱ्या जगात स्पॅनिशपूर्व काळातील माया पोथ्या उरल्या आहेत केवळ चार. त्यांपैकी तीन द्रेस्देन, माद्रिद आणि पॅरिस येथे आहेत. खुद्द मेक्सिकोत एकच आहे, आणि तिच्या अस्सलपणावर २०१८ साली शिक्कामोर्तब झाले. एका जमातीची स्मृती राख झाली, आणि ती राख करणाऱ्याच्या हातात क्रूस होता.

यावर आपल्यातील काही जण तत्परतेने दुसरी बाजू मांडतात, आणि ती खोटी नाही. युकातानचे पहिले बिशप फ्रान्सिस्को दे तोराल त्याच वर्षी तेथे पोहोचले आणि त्यांनी लांडाचे चौकशीसत्र थांबवून बंदिवानांना सोडले. बेर्नार्दिनो दे साहागुन या दुसऱ्या फ्रान्सिस्कनाने नाहुआत्ल भाषा आत्मसात केली आणि स्थानिक विद्यार्थ्यांना व वृद्धांना हाताशी धरून अस्तेक जीवनाचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. स्पेनच्या राजाने १५७७ साली त्यांची हस्तलिखिते जप्त करण्याची आज्ञा काढली, तरी ग्रंथ वाचला. आणखी एक विलक्षण गोष्ट. लांडाने पुढे युकातानवर जे पुस्तक लिहिले, त्यात त्याने माया अक्षरांची एक तोडकीमोडकी वर्णमाला नोंदविली होती. तिच्याच आधारे १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या रशियन अभ्यासकाला माया लिपीची किल्ली सापडली.

परंतु साहागुनची ढाल पुढे करून लांडाला पाठीशी घालणे हा प्रामाणिकपणा नव्हे. जमाखर्चाच्या वहीत एका पानावर पुण्य आणि दुसऱ्यावर पाप लिहून बाकी शून्य काढण्याचा उद्योग शुभवर्तमानाला मान्य नाही. जक्कयने आपल्या दानधर्माचा हिशेब देऊन सुटका करून घेतली नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करीन, असे तो म्हणाला, आणि तेव्हाच त्याच्या घरी तारण आले.

मग चौपट परत करणे म्हणजे मेक्सिकोत नेमके काय? जळालेल्या पोथ्या परत येणार नाहीत. परंतु ज्या भाषांतील पोथ्या जळाल्या त्यांच्या भाषाभगिनी आजही जिवंत आहेत. मेक्सिकोत ६८ मूळ भाषांची सरकारदरबारी गणना झाली आहे आणि सत्तर लाखांहून अधिक लोक त्या बोलतात. ज्या वेदीच्या नावाने त्यांच्या पूर्वजांचे शब्द जाळले, त्याच वेदीवर त्यांच्या शब्दांना सन्मानाने स्थान देणे, हेच ते प्रायश्चित्त. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी रोममधील उपासनाविषयक विभागाने सान क्रिस्तोबाल धर्मप्रांतासाठी नेमके हेच केले. त्सेल्ताल, त्सोत्सिल, चोल, तोहोलाबाल आणि सोके या पाच भाषिक समाजांच्या मिस्साबलिदानात काही बदलांना त्याने मान्यता दिली. ठरावीक क्षणी सारा समुदाय संथ लयीत प्रार्थनानृत्य करील, नेमलेल्या स्त्रिया त्यांच्या परंपरेतील धुपाटण्याने धूप दाखवितील, आणि समाजातील एखादी आदरणीय प्रापंचिक व्यक्ती काही सामुदायिक प्रार्थना सांगेल. मिस्सा तीच, प्रभूचे शरीर आणि रक्त तेच. बदलली ती केवळ भक्तीची देहबोली.

या निर्णयावर नाके मुरडणाऱ्यांची वाण नाही. ही मिस्सा की जत्रा, असे विचारले जाते. धूप, नाच म्हणजे मागील दाराने शिरलेली मूर्तिपूजा, असेही म्हटले जाते. या मंडळींना विचारावेसे वाटते : कराराच्या कोशापुढे दावीद राजा नाचला, तेव्हा तो कोणाची पूजा करीत होता? ज्या रोममध्ये सम्राटापुढे धूप जाळण्यास नकार देऊन ख्रिस्ती माणसांनी प्राण दिले, त्याच रोममध्ये पुढे वेदीसमोर धूप दरवळला, तेव्हा तो मूर्तिपूजेचा झाला काय? प्रभूच्या कबरेकडे सुगंधी द्रव्ये घेऊन पहाटे कोण निघाले होते? स्त्रियाच ना?

आक्षेपकांच्या एका मुद्द्याला मात्र सरळ उत्तर दिले पाहिजे. मेक्सिकोच्या प्राचीन धर्मात नरबळी होता. मेक्सिको शहराच्या हृदयात, कॅथेड्रलच्या शेजारीच, अस्तेकांच्या महामंदिराचे अवशेष आहेत. तेथील उत्खननात २०१५ साली मानवी कवट्यांची रचलेली भिंत सापडली. हे झाकण्याची गरज नाही, आणि हौसेखातर त्या संस्कृतीचे सोवळे चित्र रंगविणाऱ्यांनी तर ते विसरूच नये. परंतु बळीचा सुरा थांबविणे वेगळे आणि पोथी जाळणे वेगळे. द्रेस्देनच्या माया पोथीत शुक्राच्या भ्रमणाची आणि ग्रहणांची गणिते आहेत. त्या गणितांनी कोणाचा गळा कापला होता?

आणि या सर्व वादाच्या आधीच एक निवाडा झालेला आहे. परंपरा सांगते की १५३१ साली तेपेयाकच्या टेकडीवर पवित्र मरियेने हुआन दिएगो या आदिवासी माणसाला दर्शन दिले आणि ती त्याच्याशी नाहुआत्ल भाषेत बोलली. स्पॅनिश शिकून ये, मग तुला माझा निरोप सांगते, असे ती म्हणाली नाही. त्या हुआन दिएगोला ३१ जुलै २००२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी संतपद दिले. आईने ज्या भाषेत लेकराला हाक मारली, ती भाषा पुत्राच्या मंदिरात परकी कशी ठरेल?

आता मेक्सिकोच्या राज्यकर्त्यांसंबंधी. राजाकडे क्षमा मागण्याचा अधिकार त्यांना जरूर आहे, पण त्यांचा स्वतःचा गोठाही तपासला पाहिजे. तेथील शासनाला पूर्वजांच्या दगडांचा अभिमान आहे; राजधानीतील मानववंश संग्रहालयाची जगभर वाहवा होते. परंतु त्या पूर्वजांची जिवंत लेकरे? २२ डिसेंबर १९९७ रोजी चियापासमधील आक्तेआल या वस्तीत प्रार्थना करीत असलेल्या ४५ त्सोत्सिल माणसांची सशस्त्र टोळीने हत्या केली. त्यांत स्त्रिया आणि बालकेही होती. शासनाने आपली जबाबदारी मान्य करून क्षमा मागितली ती २०२० साली. जुलै २०२४ मध्ये गुन्हेगारी टोळ्यांच्या भयाने चियापासची शेकडो माणसे सीमा ओलांडून ग्वाटेमालात आसऱ्याला गेली. त्याच वर्षी २० ऑक्टोबरच्या रविवारी फादर मार्सेलो पेरेस मिस्सा अर्पण करून निघाले असता त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ते स्वतः त्सोत्सिल होते आणि आपल्या माणसांसाठी शांततेचा आग्रह धरीत होते. त्यांच्या भाषेला वेदीवर मान देणारा रोमचा निर्णय झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या १९ दिवसांनी. दगडांची पूजा आणि माणसांची उपेक्षा, हे जुन्या मूर्तिपूजेचेच नवे रूप आहे. ३० सप्टेंबर २०२४ च्या घटनादुरुस्तीने आदिवासी समाजांना कायद्याने स्वतंत्र स्थान दिले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण गोळी अडविल्याखेरीज त्या कलमाला अर्थ नाही.

वाचकहो, मेक्सिको आपल्याला वाटतो तितका परका नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर जे २६ जण क्रुसावर मारले गेले, त्यांत आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया होता आणि मेक्सिकोचा पहिला संत फेलिपे दे हेसुस हाही होता. दोघेही फ्रान्सिस्कन, आणि दोघांनाही १८६२ साली एकाच दिवशी संतपद मिळाले. लांडा आणि साहागुन यांच्या दोन वाटाही आपल्याला अनोळखी नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण छापले, आणि १६८४ साली त्याच गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत मातृभाषा सोडावी, असे फर्मान काढले. फर्मान विरले, पुराण उरले. आज आपण मराठीत मिस्सा ऐकतो, ती त्याच वाटेची पुण्याई.

म्हणून चियापासच्या नृत्यावर टीका करण्यापूर्वी आपण आपल्या धर्मप्रांताकडे पाहावे. डहाणू-तलासरीच्या वारली बांधवांचा तारपा आपण शोभायात्रेत वाजवितो, छायाचित्रे काढतो आणि मंदिराच्या दाराशी त्याला निरोप देतो. तो दारातून आत यायचा असेल, तर रोमच्या परवानगीआधी आपल्या मनाची परवानगी लागेल. ज्यांचा शब्द आपण वेदीवर येऊ देत नाही, त्यांची क्षमा मागण्याचा आपल्याला अधिकार नाही.